गाडी डावीकडे ओढते म्हणून स्टिअरिंग रॅक बदलायची का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो इथेच कळेल. साडेचार वर्षांची हॅचबॅक. पावसात रात्री इंदिरानगर बोगद्याच्या अलीकडे एका दुचाकीला वाचवताना पुढचं डावं चाक दुभाजकावर आदळलं. बंपर, फेंडर, हेडलाइट आणि डावं रिम बदललं. गाडी नवी दिसते, पण चालवायला घेतली की डावीकडे ओढते. दोन ठिकाणी अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून जुळवणं) केलं, फरक नाही. एकाने ‘रस्त्यालाच ढाळ आहे’ म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या ठिकाणी पूर्ण रिपोर्ट मिळाला, पण आता गॅरेजवाला म्हणतो स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा आडवा दांडा) गेली आहे, ४२ हजार लागतील. स्टिअरिंगचा दिवा डॅशबोर्डवर लागलेला नाही. डावीकडे पूर्ण वळवलं की चाक आतल्या प्लास्टिकला घासत होतं, ते त्याने कापून दिलं. आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला कसाऱ्यावरून मुंबईला जायचं आहे.

मी नाशिकच्या सातपूरला २६ वर्षं अलाइनमेंट आणि सस्पेंशनचंच काम करतो. सुरुवात केली तेव्हा मारुती ८०० ला दोरी बांधून, खडूने खुणा करून टो (वरून पाहिल्यावर चाकांची पुढची बाजू आत वळलीय की बाहेर, ते माप) काढायचो. आता भिंतीवर कॅमेरे लटकलेत. यंत्र बदललं, पण धडकलेल्या गाडीच्या बाबतीत लोकांची चूक तीच राहिली. अलाइनमेंट हे औषध आहे असं सगळे समजतात. ती रक्ताची तपासणी आहे. तपासणी तीनदा केली म्हणून ताप उतरत नाही.

तुमचा खरा प्रश्न ‘रॅक बदलू का’ हा नाहीच. दुभाजकाने नेमका कुठला भाग वाकवला, हे अजून कोणी शोधलेलंच नाही, हा खरा प्रश्न आहे. ‘रॅक गेली’ हे उत्तर बहुतेक वेळा शोध थांबवण्यासाठी दिलेलं असतं. मी गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे खालचं सगळं तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आणि लक्षणांवर बेतलेलं आहे. गाडी रॅम्पवर चढली की यातलं थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. पण तुमचे आकडे बरेच बोलके आहेत.

सुरुवात एका साध्या फरकापासून करू. गाडी ओढणं आणि स्टिअरिंग वाकडं बसणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. सपाट रस्त्यावर हात सैल सोडले (काढायचे नाहीत, नुसते सैल) आणि गाडी सरळच गेली, पण स्टिअरिंगचा लोगो तिरका दिसला, तर तो टोचा विषय. हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग स्वतःच डावीकडे फिरायला लागलं आणि गाडी लेन सोडू लागली, तर ते ओढणं. टो चुकला तर टायर खाल्लं जातं, स्टिअरिंग तिरकं बसतं; पण गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही, कारण चालताना पुढची दोन्ही चाकं तो फरक आपसांत वाटून घेतात. आपल्याकडची बहुतेक अलाइनमेंटची दुकानं पुढचा टो तेवढा बदलतात. बहुतांश छोट्या गाड्यांत पुढे बदलता येण्यासारखा कोन तेवढाच असतो. म्हणजे तुमच्या गाडीला जो आजार आहे त्याला त्यांच्या पान्याने हात लागणारच नव्हता. त्यांनी फसवलं असं मी म्हणत नाही. स्क्रीनवर हिरवं दिसलं, काम झालं.

रस्त्याच्या ढाळाची गोष्ट मात्र अगदीच खोटी नाही. आपण डावीकडून चालतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्ता डावीकडे उतरता असतो, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे झुकते. सुट्टीच्या दिवशी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखादा रुंद, रिकामा रस्ता बघा, त्याच्या मधोमध गाडी घ्या, वेग ५० च्या आसपास ठेवा आणि हात सैल सोडा. गाडी आळसावल्यासारखी सरकली तर रस्ता. दोन-तीन सेकंदांत कडेला धावली तर गाडी. तुम्ही लिहिलंय की त्र्यंबक रोडला अर्ध्या तासात उजवा खांदा दुखायला लागतो. एवढा ढाळ त्र्यंबक रोडला नाही.

आता दोन फुकटच्या तपासण्या. या कोणी केल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. पहिली टायरची. पुढचं डावं आणि उजवं टायर आपसांत बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे करू नका). ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा, बाकी सगळं वाचणं सोडून द्या. नवं रिम टाकताना टायर जुनंच बसवलंय, म्हणून त्याची आतली बाजूही बघा. दुभाजकाचा मार बसलेल्या टायरला पुष्कळदा आतल्या भिंतीवर फुगा येतो, आणि उभ्या गाडीला तो दिसत नाही. चाक खोलून, टायर जमिनीवर आडवं ठेवून सगळीकडून हात फिरवायचा. लिंबाएवढा फुगा हाताला लागला की तो टायर स्टेपनीतही ठेवू नका.

दुसरी ब्रेकची. ब्रेक शक्य तितका कमी वापरत आठ-दहा किलोमीटर चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. डावं रिम उजव्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम लागलं तर तिकडचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) चिकटून चाललाय. धडकेत ब्रेकचा होज (रबरी नळी) पिळला किंवा पिन वाकली की असं होतं. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर संशय आधी ब्रेकवर घ्यायचा. तुमची गाडी मात्र ब्रेक न दाबताही ओढते, म्हणून माझ्या मनात हा संशय कमी आहे.

आता तुमचा रिपोर्ट. तुम्ही दिलेले आकडे असे: कॅम्बर डावीकडे अधिक ० अंश ५० मिनिटं, उजवीकडे उणे ० अंश १५ मिनिटं. कॅस्टर डावीकडे २ अंश ५ मिनिटं, उजवीकडे ३ अंश ४० मिनिटं. एसएआय (स्टिअरिंग अ‍ॅक्सिस इन्क्लिनेशन, अर्थ खाली सांगतो) डावीकडे ११ अंश ३० मिनिटं, उजवीकडे १२ अंश ३५ मिनिटं. मागचे आकडे दोन्हीकडे जवळपास सारखे, थ्रस्ट (मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात तो कोन) शून्याच्या आसपास. टो दोन्हीकडे हिरवा.

तिसऱ्या दुकानदाराने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून कॅस्टर मोजला, हे त्याचं खरंच चांगलं काम. बहुतेक जण ती पायरी गाळतात, कारण त्यात पाच-सात मिनिटं जातात आणि गिऱ्हाईक विचारत नाही. पण एवढं मोजून शेवटी त्यानेही टोच फिरवला.

हे आकडे वाचायचे कसे? कॅम्बर म्हणजे गाडीच्या समोर उभं राहिल्यावर चाक डोक्याकडून बाहेर झुकलंय की आत. बाहेर झुकलं तर अधिक. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त अधिक, त्या बाजूला गाडी ओढते. कॅस्टर म्हणजे ज्या कण्याभोवती चाक वळतं तो कणा बाजूने पाहिल्यावर मागे किती रेललाय. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो, तसंच. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापर्यंतचा फरक मी सहसा चालवून घेतो. नक्की मर्यादा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तुमच्याकडे कॅम्बरमध्ये १ अंश ५ मिनिटांचा फरक आहे आणि कॅस्टरमध्ये १ अंश ३५ मिनिटांचा. दोन्ही फरक डावीकडेच ओढणारे. खांदा दुखणारच.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. एसएआय म्हणजे तोच कणा समोरून पाहिल्यावर आत किती झुकलाय. एसएआय आणि कॅम्बर यांची बेरीज घ्या. डावीकडे ११ अंश ३० मिनिटं अधिक ५० मिनिटं, म्हणजे १२ अंश २० मिनिटं. उजवीकडे १२ अंश ३५ मिनिटांतून १५ मिनिटं वजा, म्हणजे पुन्हा १२ अंश २० मिनिटं. बेरीज सारखी! ही बेरीज नकल (चाक ज्यावर बसतं तो धातूचा भाग) आणि शॉकअप या जोडीच्या आकारावर ठरते. त्यातलं काही वाकलं असतं तर बेरीज बिघडली असती. म्हणजे नकल सरळ, शॉकअपची नळी सरळ. जोडी सगळीच्या सगळी कलली आहे, ती मोडलेली नाही. ती कलते तेव्हा तिचं खालचं टोक तरी सरकलेलं असतं किंवा वरचं.

खालचं टोक म्हणजे लोअर आर्मचा (चाकाचा तळ गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भागाचा) बॉल जॉइंट. पुढून मार बसला की आर्म मागे वाकतो. बॉल जॉइंट मागे गेला की कॅस्टर कमी होतो. मागे जाताना तो थोडा आतही खेचला जातो, म्हणून चाकाचा तळ आत आणि डोकं बाहेर येतं: कॅम्बर अधिक, एसएआय कमी. तिन्ही आकडे एकाच भागाकडे बोट दाखवतात. आणि चाक मागे सरकलं म्हणूनच पूर्ण वळवल्यावर ते मागच्या प्लास्टिकला घासत होतं. तो प्लास्टिकचा लायनर साक्षीदार होता हो, आणि तुमच्या गॅरेजवाल्याने त्याचंच तोंड कापलं.

वरचं टोक बाहेर सरकलं तरी कॅम्बर आणि एसएआय असेच दिसतात. पण चाकावर बसलेल्या मारामुळे वरचा पाया बाहेर जाणं विरळा. सबफ्रेम (आर्म ज्या खालच्या चौकटीला बसतात ती) उजवीकडे सरकली असेल का? असती तर उजव्या चाकाचा तळ बाहेर ढकलला गेला असता आणि तिकडचा कॅम्बर बराच उणे झाला असता. तुमचा उणे १५ मिनिटं आहे, म्हणजे जागच्या जागी. तेव्हा कागदावरून माझा पहिला संशयित डावा लोअर आर्म, दुसरा त्याचा सबफ्रेमवरचा मागचा माउंटिंग बुश (जोडातलं रबर). रॅक या यादीत कुठे बसते ते खाली सांगतो.

कागदावर थांबायचं नाही, गाडीवर पडताळायचं. हे तुम्ही मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करून घेऊ शकता, अवजारं फारशी लागत नाहीत.

स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजूंना. दोन-चार मिलिमीटरचा फरक टेप धरण्याच्या चुकीतही येतो. डावीकडे सेंटिमीटरच्या वर कमी भरलं तर चाक मागे गेलंय, वादच नाही. मग गाडी लिफ्टवर घेऊन डावा आणि उजवा आर्म एकामागून एक बघा. पत्र्याच्या आर्मवर बारीक वाक डोळ्याला कळत नाही, पण रंग बोलतो: जिथे पत्रा दुमडला तिथे काळा रंग केसासारख्या रेघांनी तडकलेला असतो आणि पावसाळ्यानंतर त्या रेघांत तांबूस गंज दिसतो. बोटाने पुसून, टॉर्च तिरका धरून पाहा. समोरून उजेड मारला तर काही दिसणार नाही. सबफ्रेमच्या बोल्टजवळही असंच बघा. वॉशरचा जुना गोल ठसा वॉशरच्या बाहेर डोकावत असेल तर सबफ्रेम हललेली आहे.

शॉकअपबद्दल बेरजेवरून मी निर्धास्त आहे, तरी एक खात्री करून घ्या. टायर आणि शॉकअपची नळी यांच्या फटीत बोटं घाला. उजवीकडे दोन बोटं जातात आणि डावीकडे एकच, असं असेल तर माझं वरचं गणित कुठेतरी चुकलंय. त्यानंतर एकाने स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हलकेच बोट ठेवावं. स्प्रिंग अडकून ‘टण्ण’ करून सुटत असेल तर वरच्या माउंटिंगची बेअरिंग गेली. अशी गाडी जिकडे शेवटचं वळवलं तिकडेच झुकत राहते, आणि लोक त्यालाही ओढणंच म्हणतात.

आणखी एक खूण मला फार उपयोगी पडते. दोन्ही टाय रॉडच्या (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) लॉकनटच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजा. कारखान्यातून निघालेल्या गाडीत ते जवळपास सारखे असतात. तुमच्या गाडीत तीनदा टो फिरवलाय. डावीकडे १५ आणि उजवीकडे ८ आटे दिसले, तर समजायचं की वाकलेल्या भागाची भरपाई टाय रॉडकडून करून घेतली आहे. म्हणजे उंच-सखल पायांच्या टेबलाखाली पुठ्ठा सारल्यासारखं. टेबल डुगडुगत नाही, पण पाय काही सारखे झालेले नसतात.

आता रॅक. दुभाजकाच्या माराने रॅक खराब होतच नाही असं मी म्हणणार नाही. चाकाचा धक्का टाय रॉडमधून थेट रॅकच्या दांड्याला बसतो आणि जोरात बसला तर दांडा वाकतो. पण वाकलेल्या रॅकची लक्षणं वेगळी. पुढची चाकं उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. एका ठरावीक जागी ते जड होत असेल, अडखळत असेल, तर टाय रॉडचे टोकाचे जॉइंट सोडवून पुन्हा फिरवा. तरीही त्याच जागी अडखळलं तर रॅक किंवा कॉलम. अडखळ गेली तर दोष बाहेर, बॉल जॉइंट किंवा माउंटिंगमध्ये. रॅकचे रबरी बूट मागे सारून दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण बाहेर काढून पाहिला तर वाक डोळ्यांना दिसतो. स्टिअरिंग सरळ असताना हलवून ढिलाई जाणवते का, आतले टाय रॉड जॉइंट खडखडतात का, तेही त्याच वेळी कळतं. आणि रॅक वाकली म्हणून कॅस्टर दीड अंशाने कमी होत नाही. कॅस्टरचा रॅकशी संबंधच नाही. ४२ हजार देऊन नवी रॅक बसवली असती, तरी गाडी त्याच डावीकडे, त्याच जोमाने ओढली असती.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, कारण एकदा मीच ती चूक केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्ष बागायतदाराची सेडान आली. ट्रॉलीला डावा कोपरा लागलेला, गाडी उजवीकडे ओढायची. मी टाय रॉड बदलले. फरक नाही. मग रॅक बदलली. फरक नाही. दोन दिवस गाडी अंगणात, आणि ते काका रोज येऊन चहा पिऊन जायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्या डेंटरला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, शॉकअपच्या दोन्ही पायांवरून समोरच्या खुणांपर्यंत दोन कर्ण मोजले, मग गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून चेसिसच्या भोकांतून ओळंबा सोडला आणि फरशीवर खडूने टिंबं काढली. दहा मिनिटांत सांगितलं: डाव्या शॉकअपचा वरचा पाया आठ मिलिमीटर आत आलाय. पाया आत म्हणजे कॅम्बर उणे, आणि गाडी पलीकडे ओढणार. पुली लावून पाया ओढून जागेवर आणला, गाडी सरळ. रॅकचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून धडकलेल्या गाडीचं काही खोलण्याआधी मी मोजतो.

समजा आर्मच निघाला. मग दुरुस्तीत कुठे अडून बसायचं ते सांगतो.

आर्म नवाच घ्यायचा. ‘तापवून सरळ करून देतो’ म्हणणारा कोणीतरी भेटेलच, आणि तो आपल्या कामात हुशारही असेल. पण तापवलेल्या लोखंडाची ताकद गेलेली असते आणि वाकून सरळ केलेल्या घडीवरच ते पुढे तुटतं. टाय रॉड, नकल, आर्म हे सरळ करायचे भाग नाहीत. आर्म बदलताना त्या बाजूचा टाय रॉड एंड आणि चाकाची बेअरिंगही तपासून घ्या. आडवा मार बसलेली बेअरिंग लगेच नाही, हजार-दोन हजार किलोमीटरनंतर घूं घूं करायला लागते. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर डावी, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं.

आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकली, गाडी आपल्या वजनावर बसली, की मग टॉर्क पान्याने आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं आणि नवा बुश वर्षभरात फाटतो. ही चूक मोठमोठ्या ठिकाणीही होते, कारण लिफ्ट खाली घेऊन पुन्हा खाली शिरायचा कंटाळा. स्प्लिट पिन आणि एकदाच वापरायचे नट नवे घाला.

मग अलाइनमेंट, आणि तेही क्रमाने. आधी स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, फेरे मोजून, रॅक बरोबर मध्यावर आणायची. दोन्ही टाय रॉडचे आटे सारखे करायचे. मगच टो. नव्या रिपोर्टवर डाव्या-उजव्या कॅम्बर आणि कॅस्टरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत आलेला तुम्ही स्वतः बघा. हिरवा-लाल रंग बघू नका, आकडे बघा. गाडीत इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असेल तर शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा शिकवावा लागतो. नाहीतर गाडी सरळ असताना कॉम्प्युटरला ती वळल्यासारखी वाटते. कॉलम सोडवायची वेळ आलीच तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबा आणि स्टिअरिंग मोकळं गरगर फिरू देऊ नका. आतली एअरबॅगची क्लॉक स्प्रिंग (गुंडाळलेली वायर) तुटली की आणखी एक खर्च.

विम्याचं. बंपरचा क्लेम तुम्ही घेतलाय असं दिसतं. आर्म त्याच धडकेत वाकला असेल तर तो लपलेला बिघाड आहे. गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवा, पुन्हा सर्व्हे मागा, वाकलेल्या आर्मचा फोटो आणि तिन्ही अलाइनमेंटचे कागद जोडा. बंद झालेला क्लेम ते उघडतील की नाही, हे किती दिवस झाले आणि सर्व्हेअर काय लिहितो यावर आहे. झीरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं विमा कव्हर) नसेल तर साडेचार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ३५ टक्के आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो, हे धरून चाला. एकट्या आर्मसाठी कदाचित क्लेम परवडणारही नाही. नो क्लेम बोनसचा हिशोब आधी करा. पण एक अट लक्षात असू द्या: अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान तुमचं.

त्यावरूनच मुंबईचं. नका जाऊ. निदान या गाडीने नका जाऊ. ज्या आर्मला एवढा वाक आलाय त्याच्या बॉल जॉइंटनेही तोच मार खाल्लाय. तो कसाऱ्याच्या उतारावर ब्रेक दाबताना सॉकेटमधून निसटला तर चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं राहतं. गावातल्या गावात, हळू, गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही.

शेवटचं काम तुमचं. आर्म बदलायला बसवाल तेव्हा तिथेच थांबा आणि निघालेला जुना आर्म मागून घ्या. फरशीवर नव्याच्या शेजारी ठेवा, मागच्या बुशचे भोक जुळवा आणि बॉल जॉइंटची टोकं किती दूर पडतात ते पाहा. बोटभर अंतर दिसलं तर गाडी पुढे जोडू द्या. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले, तर तिथेच काम थांबवा, सबफ्रेमवरची माउंटिंगची जागा मोजायला सांगा, आणि रॅकच्या ४२ हजारांना तोवर हात लावू देऊ नका.